मर्क्युरी बेटांपाशी, एका श्वासावर

काल न्यूझीलंडमधल्या व्हिटियांगाहून बोटीने मर्क्युरी बेटांकडे गेलो होतो. पाठीवर सिलिंडर नाही. छातीत भरून घेतलेला श्वास, हातात स्पिअरगन (मासे मारायची भाल्याची बंदूक) आणि वर पाण्यावर जोडीदार. एकाने बुडी मारायची, दुसऱ्याने नजर ठेवायची. वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये शुद्ध हरपण्याचा धोका मोठा, म्हणून हा नियम आम्ही कधीच मोडत नाही.

खडकाला धरून पडलो होतो, तेवढ्यात किंगफिश आला. (आपल्याकडे सुरमईला किंगफिश म्हणतात, न्यूझीलंडचा हा वेगळा, पिवळ्या शेपटीचा.) भारी चौकस मासा! इतका जवळ आला की डोळ्यावरून शेपटीकडे गेलेली सोनेरी पट्टी स्पष्ट दिसली. इथे ७५ सेंटिमीटरच्या आतला मारता येत नाही, आणि मास्कमधून सगळं मोठंच दिसतं. खात्री वाटेना. गन खाली केली. तो वळला, निळ्यात विरला. छाती फुटायला आली होती, तरी बघतच राहिलो.

दुपारी एक चांगला मोठा मिळाला. त्याला तडफडू दिलं नाही, लगेच मेंदूत सुरी घातली. हाताखाली तो एकदा थरथरला, मग शांत झाला. रात्री मालवणहून आणलेली तिरफळं घालून कालवण केलं. जोडीदाराने तीनदा भात घेतला.