मशेरी सोडताना

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तंबाखू खाता का?" मी ठसक्यात म्हणाले, "छे! आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत." मग त्या म्हणाल्या, "आणि मशेरी?" "ती लावते की. चौदाव्या वर्षापासून."

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सगळं स्वतःच्या हातानं करूनही ती तंबाखूच आहे हे कधी डोक्यात आलं नाही. नवऱ्याची दारू ते व्यसन, माझं ते दात घासणं. दिवसातून सहा वेळा दात कोण घासतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

गालाच्या आत पांढरा चट्टा होता. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला नाही, पण असा चट्टा पुढं बिघडू शकतो, म्हणून मशेरी बंद.

दुसरा दिवस सगळ्यात वाईट गेला. डोकं ठणकत होतं आणि भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी लेकीवर भांडं आपटलं. शिवाय पोट! मशेरीशिवाय पोट साफ होत नाही असं आमच्याकडं म्हणतात. मला ते थोतांड वाटायचं, पण निकोटिननं आतडी खरंच हलतात आणि वर्षानुवर्षांची ती सवय एकदम तुटते. सकाळी गरम पाणी आणि रात्री भिजवलेल्या मनुका, यावर दोन आठवडे काढले. तंबाखूच्या पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ या नंबरवर फोन केला. पलीकडच्या ताईंनी एकच कामाचं सांगितलं: तलफ आली की पाच-दहा मिनिटं टाळा, ती ओसरते. मी लवंग तोंडात धरून जिना झाडायचे. आमचा जिना इतका स्वच्छ कधीच नव्हता.

दोन महिन्यांनी माहेरच्या लग्नात घसरले. मागच्या दारी पायरीवर चुलत्या-मावश्या बसल्या होत्या, डबी फिरत होती, कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते निघत होतं. मशेरी नाही तर त्या पायरीवर बसायचं तरी कसं? बोट बुडवलं. तीन दिवस लावली, मग परत पहिल्यापासून सुरुवात. आता आठ महिने झालेत. चट्टा फिका झालाय, तरी दर तीन महिन्यांनी दाखवायला जाते.

आईची मशेरी अजून सुरूच आहे. माहेरी गेले की ती तवा पुढं सरकवते. मी भाजून देत नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलत नाही.