खांबातून येणारं गाणं

डिसेंबरातली मैफल, कोथरूडमधल्या एका मोकळ्या मैदानावर. स्टेजच्या दोन्ही अंगांना मेन स्पीकर आणि मागच्या श्रोत्यांसाठी मेनपासून ६० मीटरवर दोन डिले टॉवर, म्हणजे मेनचा आवाज तिथवर पोचेपर्यंत थांबून मग तोच आवाज सोडणारे स्पीकरचे खांब. दुपारी तीनच्या साउंडचेकला सगळं चोख होतं. रात्री साडेनऊला, विलंबित ख्याल रंगात आलेला असताना, मागच्या रांगेतले एक आजोबा माझ्या साउंड कन्सोलपाशी आले. म्हणाले, "अहो, बाई तिकडे बसल्यात आणि गातोय हा खांब. असं कसं?"

मागे जाऊन ऐकलं. अगदी खरं होतं. डोळे मिटले की गळा थेट टॉवरमध्ये, शिवाय नळीतून आल्यासारखा पोकळ.

आधी बहुतेक जण करतात तेच केलं: टॉवरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, ३ डेसिबल खाली. आवाज लहान झाला, पण खांब सोडीना. तेव्हा लक्षात आलं की घोटाळा आवाजाच्या मोठेपणात नाही, वेळेत आहे. एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या फरकाने आला, तर कानाला तो एकच वाटतो आणि दिशा ठरते आधी पोचलेल्यावरून. हेल्मुट हास यांनी १९४९ सालच्या प्रबंधात हे मोजून दाखवलं. नंतर येणारा आवाज १० ते २० मिलिसेकंद उशिरा असेल, तर तो जवळपास १० डेसिबल मोठा असला तरी पहिल्याला झाकत नाही. डिले टॉवरची सगळी भिस्त यावरच असते.

मग दुपारी बरोबर असलेलं रात्री का बिघडलं? पुण्यातल्या डिसेंबरामुळे. दुपारी हवा ३० अंश होती. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९.५ मीटर, म्हणजे ६० मीटरला १७२ मिलिसेकंद. त्यावर जेमतेम २ वाढवून टॉवरचा आवाज थांबवणाऱ्या प्रोसेसरमध्ये १७४ भरले होते. रात्री पारा १६ वर आला, वेग ३४१ झाला आणि तेच अंतर कापायला मेनच्या आवाजाला १७६ लागू लागले. दुपारी २ मिलिसेकंद मागे असलेला टॉवर रात्री २ ने पुढे गेला. पोकळपणाही त्यातलाच: २ मिलिसेकंदांच्या फरकाने दोन सारखे आवाज मिसळले की २५०, ७५०, १२५० हर्ट्झवर खड्डे पडतात, म्हणजे तिथला आवाज दबतो, आणि तो तर गळ्याचाच पट्टा.

आकडा १८८ केला, म्हणजे १२ ची मोकळीक. चालू सुरात डिले बदलला तर टिक् असा आवाज येतो, म्हणून ख्याल संपून टाळ्या पडेपर्यंत थांबलो. १२ च का? टॉवरच्या सरळ मागे बसलेल्याला दोन अंतरांतला फरक सर्वांत जास्त, पूर्ण ६० मीटर, मिळतो. बाजूला सरकावं तसा तो घटतो आणि टॉवर आणखी उशिरा ऐकू येतो. तिथे आधीच २५ घातले असते तर बाजूच्यांना बोल दुहेरी ऐकू आले असते. म्हणून मोजमापाचा माइक नेहमी टॉवरच्या मागे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, साधारण १.२ मीटरवर धरावा.

फेडर पुन्हा ३ डेसिबल वर नेला. तपासायला तानपुरा कामाचा नाही. अखंड सुराला सुरुवातच नसते, मग कान पकडणार काय? तबल्याच्या चाटीवरचा 'ना' ऐकायचा. तो स्टेजवर वाजला की गळाही स्टेजवर गेलेला असतो. गेला होता.

दहाची वेळ गाठायची म्हणून शेवटच्या भैरवीला आवाज जरा लहान ठेवायला सांगितलं, तर सगळं ६ डेसिबल उतरवताच डग्गा हरवला. आवाज लहान झाला की कानाला खर्जाचा भाग बाकीच्यापेक्षा जास्त कमी वाटतो. १०० हर्ट्झखाली २ डेसिबल परत दिले, तेव्हा घुमारा आला.

आता थंडीत साउंडचेकच्या कागदावर डिलेशेजारी तापमानही लिहितो आणि दिवस मावळल्यावर आकडा पुन्हा काढतो.