स्टेशनपासून पाच मिनिटं

डोंबिवलीपासून सीएसएमटी किती किलोमीटर, असं इथल्या कुणालाही विचारून बघा. तीस वर्षं जा-ये केलेला माणूससुद्धा डोकं खाजवेल. (साधारण अठ्ठेचाळीस आहे, मी मुद्दाम शोधलं.) पण "किती लांब आहे हो?" विचारलं की उत्तर तयार असतं, फास्ट मिळाली तर तासभर, स्लो असेल तर विचारूच नका. आमच्याकडे अंतर हे घड्याळातच असतं, त्यामुळे घरंही मिनिटांवर विकली जातात यात नवल काहीच नाही. कुठलीही जाहिरात घ्या, रिक्षामागची, वर्तमानपत्रातून पडणारी गुळगुळीत, किंवा फॅमिली ग्रुपवर मावशीने फॉरवर्ड केलेली, त्यात एक ओळ असतेच, "स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं".

मला या जाहिराती वाचायचा नाद आहे आणि नात्यातलं कुणी फ्लॅट बघायला निघालं की मी आपणहून सोबत जाते, त्यामुळे या पाच मिनिटांचा थोडाफार अभ्यास झालाय. पहिला प्रश्न, कुणाची पाच मिनिटं? एजंट तुम्हाला नेतो स्कूटरवरून, रविवारी सकाळी अकराला, जेव्हा अर्धी डोंबिवली झोपलेली असते आणि उरलेली पोह्यांवर असते. शिवाय त्याला गल्ल्या पाठ. त्याची पाच मिनिटं खरीच असतात. सोमवारी सकाळी, पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्यात डबा घेऊन त्याच रस्त्याने निघालं की ती फुगून पंधरा-वीस कधी होतात कळत नाही, कारण फूटपाथवर चालायला जागा नाही आणि रस्त्यावर रिक्षांची रांग.

दुसरा प्रश्न, कुठलं स्टेशन? हा जास्त गमतीचा. जाहिरातीत "डोंबिवली" मोठ्या अक्षरात असतं पण पाच मिनिटं असतात ती कोपरपासून किंवा ठाकुर्लीपासून, म्हणजे जिथे फास्ट थांबत नाही. आणि समजा अगदी खरोखर डोंबिवली स्टेशन असलं, तरी स्टेशन म्हणजे नक्की काय? पहिली पायरी की प्लॅटफॉर्म? मुंबईच्या बाजूचा पूल की कल्याणच्या बाजूचा? पीक अवरला जिन्याच्या तोंडापासून फास्टच्या प्लॅटफॉर्मवर पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस घरून पहिल्या पायरीपर्यंत दोनदा येऊन जाईल. आणि ज्यांना बसायला जागा हवी ते आधी उलटे कल्याणला जातात, डाऊन करून त्याच गाडीने परत डोंबिवलीवरून मुंबईला जातात. आता त्यांच्या घराचं अंतर कुठल्या हिशोबात धरायचं ते बिल्डरनेच सांगावं.

गंमत म्हणजे घरातली बाकी सगळी मापं आता कायद्याने पक्की झालीत. पूर्वी सुपर बिल्ट-अप नावाचा प्रकार असायचा, त्यात जिना, लॉबी, पॅसेज, जाता-येता लागणारं सगळं तुमच्या नावावर थोडं थोडं चढायचं, आणि सहाशे स्क्वेअर फुटाचं म्हणून घेतलेलं घर आत गेल्यावर कपाट लावलं की संपायचं. महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, १ मे २०१७ पासून सुरू झालं आणि कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर, विकणं बंधनकारक झालं, कार्पेटमध्ये काय धरायचं नि काय नाही याचीही व्याख्या आली. आतल्या भिंती धरा, बाहेरच्या नाही, बाल्कनी वेगळी. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो, स्कॅन केला की प्रोजेक्टची कुंडली समोर. पण मिनिटाची व्याख्या कुठेच नाही. फसवी जाहिरात केली तर भरपाई मागायची सोय कायद्यात आहे, मान्य, पण पाच मिनिटं खोटी आहेत हे सिद्ध कसं करणार, न्यायाधीशांना आमच्याबरोबर चालायला बोलावणार?

तरी पैसे मोजले जातात ते याच मिनिटांचे. एकाच वयाच्या दोन बिल्डिंगा, दोन्हीकडे गळती सारखीच, पण एक स्टेशनजवळच्या फडके रोडच्या आसपास आणि दुसरी दोन शेअर रिक्षा बदलून जावं लागतं तिथे, भावात केवढा फरक. आणि स्टेशन एकेक करून मागे सरकत गेलं की खोल्या वाढतात. ठाण्यात जेवढ्यात वन आरकेचं स्वप्न बघता येतं तेवढ्यात डोंबिवलीत हॉल-किचनला एक बेडरूम जोडली जाते, बदलापूरला गेलात तर आणखी एक, आणि वांगणीपर्यंत धीर धरलात तर गॅलरीतून डोंगरही दिसतो. घरटी रोजचा तासभर द्या आणि एक खोली घ्या, असा सरळ व्यवहार आहे. माझ्या मावसभावाने तो डोळे उघडे ठेवून केलाय, आणि बदलापूरहून रोज जाताना तो दारात लटकून वहिनीला बेडरूमच्या पडद्यांचे फोटो दाखव म्हणून मेसेज करतो, कारण उजेडात ती बेडरूम त्याला फक्त रविवारीच दिसते.

मधे २०२० मध्ये हा हिशोब अचानक फिरला होता. ऑफिसं घरात आली, स्टॅम्प ड्युटी सप्टेंबर ते डिसेंबर तीन टक्क्यांनी कमी झाली, आणि लोकांना वाटलं आता स्टेशन हवंय कुणाला, लांब पण मोठं घर घ्या, मुलाला वेगळी खोली, आपल्याला वेगळं टेबल. तेव्हा शिळफाट्याच्या बाजूला घेतलेले कितीतरी जण ओळखीचे आहेत. मग ऑफिसांनी परत बोलावलं. कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी जे काही चालतं त्याला ट्रॅफिक म्हणणं म्हणजे भलतंच कौतुक झालं, त्यामुळे आता ती मंडळी मिनिटं हा शब्दच काढत नाहीत.

काही मिनिटं तर अजून यायचीच आहेत, पण त्यांचेही पैसे आधी घेतले जातात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणला झालं आणि तेव्हापासून ती ब्रोशरमध्ये अगदी वेळेवर धावते. कधी कधी मात्र खरंच होतं. दिवा स्टेशनला २०१६ च्या डिसेंबरात फास्ट थांबायला लागली, तोपर्यंत "दिव्याला घर घेतलं" म्हटलं की नातेवाईक सांत्वनाच्या सुरात बोलायचे.

या सगळ्या मोजणीत बाकीचं राहून जातं ते वेगळंच. गेल्या काही वर्षांतलं कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवत असेल, खोट्या परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवलेल्या, हायकोर्टाने २०२४ मध्ये पाडायला सांगितलेल्या. तिथल्या लोकांना बाहेरून शहाणपण शिकवणं सोपं आहे, पण आपण सगळेच फ्लॅट बघायला गेल्यावर काय विचारतो? स्टेशन किती लांब, पाणी किती तास, पार्किंग आहे का. महापालिकेचा शिक्का खरा की खोटा हे सामान्य माणसाने कुठे जाऊन बघायचं, आणि नोंदणीही झालेली दिसली तर त्याने संशय तरी का घ्यावा.

आता माझं मत विचाराल तर पाच मिनिटांवरचं घर मला फुकट दिलं तरी नको (फुकट कुणी देत नाहीये, म्हणून हे धाडस). तिथे रात्री साडेबाराला पण कळतं की कुठली गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येतेय. खिडकीखाली रिक्षावाल्यांची भांडणं, वडेवाल्याचा कढईवर झारा, आणि दिवाळीत पहाटे फडके रोडवर नटून-थटून लोटलेली सगळी तरुणाई, एक दिवस ठीक आहे हो. मला आवडतं दहा-बारा मिनिटं चालत असलेलं घर. कारण उपनगरातला शेजार बिल्डिंगमध्ये नसतोच फारसा, तो या चालण्यात असतो. संध्याकाळी गाडीतून उतरलेली बाई जिना उतरते तीच मुळी यादी डोक्यात घेऊन, निवडलेली मेथी, सोललेला लसूण, मोड आलेली मटकी, उद्याची फुलपुडी, कंटाळा आला असेल तर पोळी-भाजी केंद्रातून सहा पोळ्या. फुलवालीला माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं ते माहितीये, चौथ्या मजल्यावरच्या माणसाला आम्ही त्याच बिल्डिंगमध्ये राहतो हेही माहीत नसावं. इस्त्रीवाला न विचारता सांगतो की तुमचे मिस्टर आज लवकर घरी गेले. मोठ्या टाउनशिपमध्ये क्लबहाऊस असतं, स्विमिंग पूल असतो, स्टेशनहून आणून थेट गेटच्या आत सोडणारी बस असते, गेटवर अॅप असतं. सगळं आहे, फक्त रस्ता नाही. तिथे राहणारी माझी मैत्रीण म्हणते की शेजारी कोण आहे ते तिला कुरियरच्या चुकीमुळे कळलं.

आमची बिल्डिंग आता रिडेव्हलपमेंटला जातेय. चार मजले, लिफ्ट नाही, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना स्टेशन दहा मिनिटं आणि घर त्यापुढे आणखी सात. सध्या सगळे भाड्याची घरं शोधतायत, आणि सगळ्यांना ती याच भागात हवीत, मुलांची शाळा, क्लास, तीच भाजीवाली, त्यात आजूबाजूच्याही दोन-तीन सोसायट्या एकदमच पाडल्या जातायत, त्यामुळे भाडी अशी चढलीत की एजंट लोक आमच्याशी फोनवर बोलताना हसतायत असं वाटतं.

गेल्या महिन्यात बिल्डरचा माणूस प्रेझेंटेशन घेऊन आला होता. गच्चीवर खुर्च्या, प्रोजेक्टर, वेफर्स आणि पेढा. पडद्यावर टॉवर आला, टॉवरभोवती आमच्या गल्लीत कधीही न उगवलेली पामची झाडं आली, बिल्डर देणार तो कॉर्पस फंड किती, तोवरचं भाडं किती, कार्पेट किती टक्के जास्त, आणि मग मोठ्या अक्षरात, स्टेशन ५ मिनिटं.

"अहो दहा आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "आम्ही रोज चालतो."

"सर, ते नवीन खरेदीदारांसाठी आहे," तो म्हणाला.

मग पहिल्या रांगेतल्या जोशीकाकू, ज्यांनी रेल्वेचा पास काढणं सोडून कितीतरी वर्षं झाली असतील, त्यांनी विचारलं, "बाळा, डॉक्टर किती मिनिटांवर आहे ते नाही लिहिलंस?" त्याने लॅपटॉपवर काहीतरी शोधल्यासारखं केलं. मागून कुणीतरी ओरडलं की आधी पार्किंगचं बोला, आणि मग पुढचा दीड तास पार्किंगचंच चाललं.