नासलं, विटलं, आंबलं

रात्री अकराच्या सुमारास आई दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये ठेवायला आली आणि जाता जाता माझ्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावली.

“ते लाल काय झालंय रे?”

“मांस आहे. खराब होत आलंय.”

“मग मीठ नाही लावलंस?”

मी ‘डोन्ट स्टार्व्ह टुगेदर’ खेळत होतो. क्ले नावाच्या कॅनडातल्या कंपनीचा गेम. एकट्याने खेळायचा मूळ अवतार २०१३ सालचा, हा त्याच्या नंतरचा, मित्रमंडळींबरोबर खेळायचा. विल्सन नावाचा एक किडकिडीत शास्त्रज्ञ अंगावरच्या कपड्यांनिशी रानात येऊन पडतो आणि नावातच सगळे नियम आले: उपाशी मरू नका. बोरं तोडा, ससे पकडा, अंधार पडायच्या आत शेकोटी पेटवा. थैलीतल्या प्रत्येक खाद्यपदार्थामागे एक रंगीत चौकट असते. ती आधी हिरवी, मग पिवळी, मग लाल होते आणि शेवटी पदार्थाच्या जागी नुसता कुजका गोळा उरतो. तो खतापुरता. कच्चं मांस सहा दिवस टिकतं. गेममधला दिवस आठ मिनिटांचा, म्हणजे आपल्या घड्याळाने जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात आमच्याकडे नारळ खवून वाटणही होत नाही.

मिठाचं म्हणाल तर मी आईला ऐटीत सांगितलं की यात मीठबीठ नसतं. पुढे महिन्याभराने समुद्रात होडी घातली तेव्हा मिठाचे खडक सापडले. ते फोडायचे, त्यातून मिठाची पेटी करायची, आणि त्या पेटीत कच्चा जिन्नस गेममधल्या बर्फाच्या फ्रीजपेक्षाही जास्त टिकतो. हे आईला सांगितल्यावर तिने फक्त “हं” केलं. आई मालवणकडची. पावसाळ्याआधी बांगडे खारवणाऱ्या घरातली.

पण तिचा मुख्य आक्षेप मिठाचा नव्हताच. तिने थैलीतली बोरं बघितली, अंडी बघितली, गाजरं बघितली आणि म्हणाली, “सगळ्याला एकच रंग? असं कसं?”

खरंच, असं कसं? गेममध्ये खराब होणं ही एकच क्रिया आहे. आमच्या स्वयंपाकघरात तिला डझनभर क्रियापदं लागतात. दूध नासतं. भाजी विटते. आमटी फसफसते. भात आंबतो. आंबा उतरतो. खोबरं खवट होतं, चिवडा सादळतो, पावाला बुरशी येते, रव्याला जाळी धरते, डाळीत टोके होतात, बटाट्याला कोंब फुटतात, आणि कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवलेलं ताक कळकतं. यातलं एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. चिवडा विटला म्हणणारा माणूस मराठी असूच शकत नाही. आणि प्रत्येक शब्दात पुढे काय करायचं तेही सांगितलेलं असतं. सादळलं असेल तर कढईत परता. टोके झाले असतील तर उन्हात घाला. नासलं असेल तर साखर घालून आटवा. विटलं असेल तर मात्र टाका. यात शिळं हा प्रकार तर मोजतच नाही, कारण शिळं म्हणजे खराब नव्हे. फोडणीची पोळी करायची तर पोळी शिळीच लागते.

परवा मे महिन्यातली एक आमटी रात्री चुकून ओट्यावरच राहिली. सकाळी आईने झाकण काढलं. आधी नुसती बघितली: कडेने बारीक फेस. मग नाक खाली नेलं, पण थेट पातेल्यात नाही, हाताने वाफ ओढून घ्यावी तसा वास घेतला. मग पळी बुडवून उंच धरली आणि पडणाऱ्या धारेकडे डोळे बारीक करून पाहिलं. तार सुटत होती. “गेली,” म्हणाली आणि पातेलं मोरीत. सगळा कारभार दहा सेकंदांचा. डोळा, नाक आणि पळी एवढ्यावर निकाल लागतो. विल्सनला नाक काढलेलं आहे, पण ते बहुधा चेहरा पुरा करण्यापुरतं.

ती चौकट ज्या इमानदारीने उतरत जाते तेही मला खटकतं. रोज थोडी, रोज तेवढीच. खरी आमटी अशी हप्त्याहप्त्याने जात नाही. सोयीची ऊब मिळाली तर काही जीवाणू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. रात्री अकराला एक असेल तर सकाळी सातपर्यंत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर. म्हणून तर रात्री झोपताना आमटी अगदी व्यवस्थित असते आणि सकाळी तोंड फिरवते. मधली पिवळी पायरी कुणी बघितलेलीच नसते.

सगळ्यात मजा थप्पीची. गेममध्ये ताजं मांस आणि शिळं मांस थैलीच्या एकाच कप्प्यात टाकलं की दोघांच्या ताजेपणाची सरासरी निघते. शिळ्याचं थोडं भलं होतं, ताज्याचं थोडं नुकसान. सहकारी सोसायटीसारखं. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, हे ज्यांच्या म्हणीतच आहे त्यांना हा हिशोब पटायचा कसा? आमच्याकडे चमचाभर जुनं दही लिटरभर ताज्या दुधाला रात्रीत आपल्यासारखं करून टाकतं, आणि त्यालाच विरजण म्हणून आपण कौतुकाने झाकून ठेवतो.

खरी उणीव मला तिथे दिसते. विल्सनच्या रानात पदार्थ बिघडला की फक्त बिघडतो. मुद्दाम बिघडवण्याची सोय नाही. इडलीचं पीठ, ढोकळा, दही, ताक, सगळे आपल्या घरात राबवून घेतलेले जीवाणूच. तिकडे थंडी म्हणजे चैन, अन्न टिकतं. इकडे डिसेंबरात आई पिठाच्या डब्याला जुनी शाल गुंडाळते आणि दर तासाने हात लावून बघते, बाळाला ताप आहे का बघावं तसं. ताप यावा एवढीच तिची इच्छा असते.

शिजवण्याबद्दल बोलायचं तर क्रॉक पॉट नावाच्या भांड्यात चार जिन्नस टाकायचे. एक मांस आणि तीन बोरं: मीटबॉल्स. एक मांस आणि तीन बर्फाचे खडे: तरीही मीटबॉल्स. राक्षसाचं मांस कच्चं खाल्लं तर बाधतं, पण चारात एकच असेल तर तेही पचून जातं. शिवाय लाल व्हायला आलेलं मांस शिजवलं की ताजेपणा पुन्हा वर चढतो. हे ऐकून आई म्हणाली, “तुझ्या त्या होस्टेलच्या मेसमध्ये हेच करायचे.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथली रविवारची मिक्स व्हेज म्हणजे आठवड्याचा गोषवारा असायची.

‘माइनक्राफ्ट’बद्दल मी तक्रार करणार नाही. तिथे तीन गहू शेजारी शेजारी ठेवले की पाव होतो. दळण नाही, मळणं नाही, भट्टी नाही. पेटीत ठेवलेलं मांस वर्षानुवर्षं तसंच राहतं. पण त्या गेममध्ये झाडाचा बुंधा तोडला तरी वरचं झाड हवेत उभं राहतं, तर पावाला कशाला नावं ठेवायची?

‘द लाँग डार्क’ मात्र खरेपणाचा आव आणतो आणि बराचसा निभावतोही. कॅनडातला हिवाळा, विमान कोसळलेलं, बर्फ वितळवून, उकळून प्यायचं पाणी करायचं. हरणाचं मांस घरात ठेवलं तर लवकर जातं, बाहेर बर्फात ठेवलं तर टिकतं. इथवर ठीक. पण स्वयंपाकात पाचव्या पायरीवर पोचलात की कितीही वाईट झालेलं मांस शिजवून खा, काही होत नाही! सुगरण असण्याचा हा अर्थ मी पहिल्यांदाच पाहिला. काही जीवाणू अन्नात असं विष सोडतात की ते उकळूनही जात नाही; कोमट राहिलेल्या भातात हे घडू शकतं. तिथे हाताची चव कामाला येत नाही.

त्यापेक्षा ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ आपल्या ओळखीचा वाटतो. १९९३ च्या जुलैतलं केंटकी, रस्त्यावर प्रेतं फिरतायत, पण खेळणाऱ्याच्या मनात वेगळीच धाकधूक: लाइट कधी जाणार? कारण लाइट गेले की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. मग आधी दूध-अंडी संपवा, डबे मागे ठेवा. आमच्या घरी उन्हाळ्यात लाइट गेले की पहिलं वाक्य हेच असतं, फक्त प्रेतं नसतात.

परवा रात्री बर्फ पडायला दोनच दिवस उरले होते. विसाव्या दिवसानंतर तिथे हिवाळा लागतो आणि बोरांची झुडपं रिकामी राहतात. मी मांस वाळत घातलं होतं, वाळवलेलं वीस दिवस जातं. मध जमवला होता. क्रॉक पॉटमधून मीटबॉल्स काढून थैलीत भरले होते. बेगमी म्हणतात ती ही, असं आईला दाखवायचंही मनात होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

“अरे, पीठ उतू चाललंय, ये लवकर!”

मेच्या उकाड्यात कुणी शाल गुंडाळली नव्हती, तरी इडलीचं पीठ झाकण उचलून डब्याबाहेर आलं होतं, ओट्यावरून ओघळून गॅसच्या शेगडीखाली शिरलं होतं. आईने शेगडी उचलून धरली, मी पुसलं. वाटीभर गेलं असेल, पण बाकीचं असं फुललं होतं की ती खूशच होती.

परत आलो तर शेकोटी विझलेली. घाईत मी गेम थांबवलाच नव्हता, आणि काळोखात उभ्या राहिलेल्या माणसाचं तिथे जे होतं ते विल्सनचं होऊन गेलं होतं. त्याचं पांढरं भूत थैलीभोवती घिरट्या घालत होतं. थैलीतले मीटबॉल्स अजून ताजेच होते.