तुम्ही विचारलंत म्हणून: मिसकॅरेजनंतरची पाळी

"मिसकॅरेजनंतर तुझी पाळी पहिल्यासारखी झाली का गं?" हा प्रश्न मला बहुतेकदा मेसेजवर येतो, तोही रात्री उशिरा. विचारणारीला एकतर पाळीच आलेली नसते, नाहीतर आलेली पाहून तिच्या पोटात गोळा आलेला असतो.

माझी झाली, पण सावकाश. साधारण ४ ते ६ आठवड्यांत पाळी येते. दिवस जास्त गेले असतील तर थोडी उशिराही. गरोदरपणाचं एचसीजी हार्मोन रक्तातून उतरल्याशिवाय बीजकोश कामाला लागत नाहीत. ते उतरेपर्यंत घरच्या टेस्टवर दोन रेघा दिसू शकतात. मला दिसल्या होत्या. त्या पट्टीवर वेडी आशा ठेवू नका. रेघ पुसट होत नसेल, तर मात्र डॉक्टरांना सांगा.

पहिली पाळी बऱ्याचजणींना जड जाते. मला पोटात कळा नेहमीपेक्षा जास्त होत्या आणि गाठी पडत होत्या. बाथरूममध्ये उभी राहून मी पॅडकडे बघत होते: ही पाळी म्हणायची, की आत काही राहिलंय? नुसत्या नजरेने ते मलाच काय, कुणालाच ठरवता येत नाही. म्हणून खुणा लक्षात ठेवा. सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजले, ताप आला, स्रावाला घाण वास आला किंवा चक्कर येऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका.

आता ज्याबद्दल कुणीच विचारत नाही ते. जास्त गेलं की सगळ्या घाबरतात, कमी गेलं की "बरं झालं, त्रास वाचला" म्हणतात. पण पिशवी साफ केली असेल, म्हणजे क्युरेटिंग झालं असेल, आणि त्यानंतर पाळी नुसत्या डागांवर आली किंवा दर महिन्याला कळा येऊनही अंगावरून काहीच जात नसेल, तर गर्भाशयाच्या आत चिकटे, म्हणजे आतल्या भिंती एकमेकींना चिकटवणारे पापुद्रे, तयार झालेले असू शकतात. याला ॲशरमन सिंड्रोम म्हणतात. सगळ्यांना होत नाही, पण झाल्यास दुर्बिणीने बघून ते सोडवता येतात. एकदोन महिने तसंच चाललं तर तपासून घ्या.

तारखा पुढे-मागे होणं मी फारसं मनावर घेतलं नाही. दोन-तीन पाळ्यांत गाडी रुळावर येते. डॉक्टर "शेवटची पाळी कधी?" विचारतात तेव्हा काय सांगायचं सुचत नाही, तर रक्तस्राव सुरू झाला तो दिवस सांगा आणि मिसकॅरेजचा होता हेही सांगा.

आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं धरून चालू नका. बीज दोन आठवड्यांतही सुटू शकतं, पाळीच्या आधीच. इतक्यात नको असेल, तर काळजी पहिल्यापासूनच घ्यायची.