फिनिक्सची गोल्फ सहल: आधी तारीख, मग कोर्स

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स आणि स्कॉट्सडेलला गोल्फ परवडत नाही असं सांगणारे बहुतेक जण तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलेले असतात. मार्चमधल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता ज्या कोर्सवर खिसा रिकामा होतो, त्याच कोर्सवर मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, निम्म्याच्या आसपास पैशांत खेळता येतं. या खोऱ्यात दोनशेच्या आसपास कोर्स आहेत, त्यामुळे मैदानांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो हिवाळ्यातल्या उबदार सकाळींचा, आणि दर त्यावरच ठरतो. म्हणून कोर्सची यादी नंतर काढा, आधी कॅलेंडर उघडा.

जानेवारीत स्कॉट्सडेलला जुन्या मोटारींचा प्रचंड लिलाव भरतो. जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला टीपीसी स्कॉट्सडेल या कोर्सवर फिनिक्स ओपन ही व्यावसायिकांची स्पर्धा असते. १६व्या होलभोवती (कोर्सच्या अठरा टप्प्यांपैकी सोळावा) स्टेडियमसारख्या पायऱ्या बांधतात, ती हीच. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्च संपेपर्यंत मेजर लीगचे पंधरा बेसबॉल संघ सरावासाठी इथे मुक्कामाला असतात आणि त्यांच्यामागे त्यांचे चाहते. हॉटेल, गाडी, टी टाइम (खेळ सुरू करायची राखून ठेवलेली वेळ), सगळ्याचे भाव एकदमच चढतात. एप्रिलअखेरीस हवा ३१-३२ अंशांवर गेली की थंडीपुरते येणारे पाहुणे आपापल्या गावी परततात आणि दर उतरू लागतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ माझ्या मते सगळ्यात किफायतशीर. दुसरा बरा काळ नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरचे दोन-अडीच आठवडे, म्हणजे नाताळची गर्दी सुरू होण्याआधीचे. तेव्हा दुपारी वीस अंशांच्या आसपास हवा असते आणि शिकागो किंवा न्यू जर्सीच्या थंडीतून येणाऱ्याला ती पुरेशी ऊब वाटते.

उन्हाळ्यात दर आणखी कोसळतात, पण का, ते समजून घ्या. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटवर, म्हणजे ४३ अंशांच्या वर गेला होता. पहाटे साडेपाचचा टी टाइम, दहाच्या आत खेळ संपवायचा, माणशी तीन लिटर पाणी, हे जमत असेल तरच त्या वाटेला जा. वयस्कर आई-वडील सोबत असतील तर नकोच.

सप्टेंबर-ऑक्टोबरचं प्रकरण मात्र बाहेरच्या माणसाला हमखास फसवतं. हवा सुधारत असते, दर अजून खाली असतात, विमान स्वस्त मिळतं. पण उन्हाळ्यात इथे बर्म्युडा गवत असतं. थंडी पडली की ते सुप्तावस्थेत जाऊन पिवळं पडतं. हिवाळाभर हिरवळ दिसावी म्हणून शरदात ते अगदी बुडापर्यंत कापून त्यावर राय गवताचं बी पेरतात आणि दिवसातून कित्येकदा पाणी मारतात. याला ओव्हरसीडिंग म्हणतात. त्यासाठी कोर्स दोन ते चार आठवडे बंद राहतो. उघडल्यावरही पुढचे काही आठवडे कार्ट (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) पक्क्या रस्त्यावरून खाली उतरवू देत नाहीत, म्हणजे दर फटक्याला रस्त्यापासून चेंडूपर्यंत हातात चार क्लब (खेळायच्या काठ्या) घेऊन चालत जा आणि परत या. फेअरवे, म्हणजे खेळायचा गवताचा पट्टा, ओला असतो, चेंडू जिथे पडतो तिथेच रुततो. प्रत्येक कोर्सच्या तारखा वेगळ्या असतात आणि बहुधा वेबसाइटवर दिलेल्या असतात. ऑक्टोबरात जायचंच असेल तर आधी बंद होऊन आधी उघडलेला कोर्स शोधा, आणि फोनवर एवढंच विचारा: कार्ट फेअरवेवर नेता येईल का? काही कोर्स पैसे आणि पाणी वाचवण्यासाठी फेअरवेवर राय पेरतच नाहीत. तिथे हिवाळ्यात गवत सोनेरी दिसतं. फोटो साधे येतात, पण जमीन कोरडी आणि टणक असल्यामुळे चेंडू चांगला घरंगळतो आणि दरही कमी असतो. अशा कोर्सला नाक मुरडू नका.

आता वेळ. ट्वायलाइट दर, म्हणजे दुपारनंतरचा सवलतीचा दर, ऐकायला छान वाटतो. पण डिसेंबरात फिनिक्सला सूर्य साडेपाचच्या आत मावळतो आणि सार्वजनिक कोर्सवर चौघांचा राउंड, म्हणजे अठरा होलचा खेळ, साडेचार ते पाच तास खातो. दुपारी एकचा टी टाइम घेतलात तर शेवटचे दोन होल अंधारात चाचपडत खेळायचे किंवा सोडून द्यायचे. एप्रिलअखेरीस सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा दोनला सुरू करूनही अठरा होल आरामात होतात. म्हणजे ट्वायलाइटचा खरा फायदा वसंतातच. डिसेंबर-जानेवारीत तो दर तेरा-चौदा होलचा आहे असं धरून हिशोब करा.

हिवाळ्यात अगदी पहिला टी टाइमही घेऊ नये. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर, दव गोठतं आणि ते वितळेपर्यंत कोणालाही आत सोडत नाहीत, कारण गोठलेल्या पात्यांवर पाय पडला की ती मोडून काळी पडतात. साडेसातचा टी टाइम नऊला सुरू होतो आणि मागच्या सगळ्यांची रांग लागते. साडेनऊ-दहाची वेळ घ्या. तासभर उशीर झाला तरी उजेडात संपतं आणि तोवर स्वेटरही उतरलेला असतो.

कोर्स निवडताना एक जुना कायदा लक्षात ठेवला तर पैसे वाचतात. ॲरिझोनाने १९८० मध्ये भूजलाचा कायदा केला. त्यानंतरच्या नियमांनी फिनिक्स परिसरातल्या नव्या अठरा होलच्या कोर्सला साधारण ९० एकर गवताची मर्यादा घातली. म्हणून नंतरच्या कोर्सवर टीसमोर (पहिला फटका मारायच्या जागेसमोर) थेट वाळवंट, मग फेअरवेचा हिरवा पट्टा, पुन्हा वाळवंट, पुन्हा ग्रीन असं दिसतं. देखणं असतं यात वाद नाही. पण १८-२० हँडिकॅपच्या, म्हणजे बेताच्या, खेळाडूचे तिथे एका राउंडमध्ये पाच-सहा चेंडू सहज जातात, आणि चांगला चेंडू चार-पाच डॉलरला पडतो. शिवाय दोन होलमधलं अंतर लांब असल्याने कार्टशिवाय गत्यंतर नसतं. पपागो पार्कमधला पपागो कोर्स १९६३ चा. तो या मर्यादेच्या आधीचा असल्यामुळे फेअरवे रुंद, दोन्ही बाजूंना गवत आणि झाडं, पाठीमागे लाल खडकांचे डोंगर. विमानतळापासून दहा-पंधरा मिनिटांवर. चालत खेळता येतो. मालकी फिनिक्स शहराची, त्यामुळे कोणीही टी टाइम घेऊ शकतो.

आपल्याकडे बहुतेक कोर्स क्लबच्या ताब्यात असतात आणि सभासद किंवा त्याचा पाहुणा असल्याशिवाय आत जाता येत नाही. पुण्या-मुंबईहून मुलांकडे आलेल्यांना म्हणून हे सांगायलाच हवं: इथल्या सार्वजनिक कोर्सवर सभासदत्व लागत नाही, हँडिकॅपचा दाखला सहसा कोणी मागत नाही, आणि कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, नसतो. बंकरमधली वाळू स्वतःच सारखी करायची, ग्रीनवरचा खड्डाही स्वतःच बुजवायचा.

शहराच्या मालकीच्या बाकी कोर्सपैकी एन्कँटो सपाट आणि जुना, नवख्याला सोपा. केव्ह क्रीक उत्तरेकडे, आणि अगीला नैऋत्येला लव्हीनमध्ये. अगीलाला नऊ होलचा छोटा पार-३ कोर्सही आहे (प्रत्येक होल तीन फटक्यांचा). विमानातून उतरल्यावर त्याच दिवशी पूर्ण राउंडचे पैसे भरण्यात अर्थ नसतो, तेव्हा असा छोटा कोर्स कामाला येतो. टेंपीचा रोलिंग हिल्स दिव्यांच्या उजेडात रात्रीही खेळता येतो, म्हणजे विमानाला उशीर झाला तरी संध्याकाळ वाया जात नाही. एखादा राउंड मनासारख्या वाळवंटी कोर्सवर जरूर ठेवा: ट्रून नॉर्थ किंवा वी-को-पा. टॉकिंग स्टिकही चांगला, पण तो सपाट आणि मोकळा आहे. टीपीसीचा स्टेडियम कोर्स मोसमात चारशे डॉलरच्या वर जातो. माझ्या मते त्यातला मोठा भाग टीव्हीवर पाहिलेल्या १६व्या होलचा आहे, आणि स्पर्धा नसताना तिथे ना गर्दी असते ना गलका. तेवढ्या पैशांत इतरत्र तीन-चार राउंड होतात.

दर पाहताना त्यात कार्ट आणि सरावाचे चेंडू धरले आहेत का ते बघा, नाहीतर स्वस्त दिसणारा कोर्स शेवटी महाग पडतो. बुकिंगच्या ॲपवर वरून शुल्क लागतं. तोच टी टाइम कोर्सच्या स्वतःच्या वेबसाइटवर बऱ्याचदा त्याशिवाय मिळतो. ॲपवरच्या खास सवलतींचे पैसे आधीच घेतात आणि ते परत मिळत नाहीत. शेवटच्या क्षणी भाव पडेल म्हणून थांबणं एकट्या-दुकट्याला जमतं, कारण उरलेल्या जागा एक-दोनच असतात. चौघांनी मात्र टी टाइम खुले होतील त्याच दिवशी घ्यावेत. आठ जण असाल तर लागोपाठचे दोन मिळणं आणखी अवघड.

मुक्कामासाठी उत्तर स्कॉट्सडेलची रिसॉर्ट सोडा. खोलीच्या भाड्यावर रोजची रिसॉर्ट फी आणि वर कर, असा आकडा शेवटच्या पानावर फुगतो. टेंपी, मेसा किंवा चँडलरमधलं नाश्त्यासह मिळणारं साधं हॉटेल पुरतं. चँडलरला इंटेलचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे भारतीय वस्ती आणि किराण्याची दुकानं जवळ. पोहे नाहीतर इडली बांधून नेली की क्लबहाउसच्या सँडविचचे पैसे वाचतात. मात्र कोर्सच्या कार्टवर बाहेरचं खाणं चालतं का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी नाही चालत. ऑफिसच्या वस्तीतली हॉटेलं शनिवार-रविवारी स्वस्त आणि गोल्फ सोमवार ते गुरुवार स्वस्त, असा पेच पडतो. चार राउंड खेळायचे असतील तर गोल्फची बाजू जड: रविवारी संध्याकाळी पोचा, गुरुवारी निघा.

गाडीच्या बाबतीत एक चूक नेहमीची. चौघं जण, चार गोल्फ बॅगा आणि चार सूटकेस सेडानमध्ये मावत नाहीत. मिनीव्हॅन घ्या. विमानतळावरच्या भाड्यात बरेच कर मिसळलेले असतात, म्हणून शहरातल्या शाखेचा दरही बघा. पण तिथे जाण्या-येण्याचा टॅक्सीखर्च धरूनच तुलना करा. अंतरंही मोठी आहेत. उत्तर स्कॉट्सडेल ते लव्हीन गर्दीत तासभर जातो, म्हणून एका दिवशी एकाच बाजूला राहा.

स्वतःचे क्लब न्यायचे की भाड्याने घ्यायचे? अमेरिकेतल्या बहुतेक विमान कंपन्या गोल्फ बॅग २३ किलोंपर्यंत साध्या सामानात धरतात. जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी डॉलर धरा. चांगला भाड्याचा सेट एका राउंडला पन्नास-साठच्या घरात जातो, म्हणजे दोन राउंड असले तरी स्वतःचे नेणंच स्वस्त. चौदा क्लबसह बॅग बारा-तेरा किलो भरते. उरलेल्या वजनात बूट आणि कपडे क्लबच्या डोक्यांभोवती गुंडाळून भरा. ड्रायव्हर या सगळ्यात लांब क्लबचं डोकं काढून वेगळं ठेवा, कारण बॅग उभी आपटली की शाफ्ट (दांडा) तिथेच मोडतो. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) हातातल्या सामानात.

वाळवंटात चेंडू गेला की काय करायचं ते स्कोअरकार्डच्या मागे लिहिलेलं असतं. २०१९ च्या नियमांपासून समितीला वाळवंटी भाग लाल पेनल्टी एरिया ठरवता येतो: चेंडू जिथे सीमा ओलांडून गेला तिथून दोन क्लबच्या लांबीइतक्या अंतरात ड्रॉप, म्हणजे चेंडू हातातून खाली टाकायचा, एक फटका दंड. दगडांतून फटका मारायचा मोह टाळा, नवा आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब) एका क्षणात चरतो. मारायचाच असेल तर बॅगेत एखादा जुना सात नंबर ठेवा, फक्त एकूण क्लब चौदाच हवेत. चोया नावाच्या निवडुंगाचे तुकडे नुसत्या स्पर्शाने पँटला चिकटतात आणि बोटांनी काढायला गेलं की बोटात घुसतात; खिशात साधा कंगवा ठेवा आणि त्याने उपटून फेका. मार्च ते ऑक्टोबर खुळखुळे साप बाहेर असतात. झुडपाखाली हात घालायचा नाही, चेंडू दिसत असला तरी.

डिसेंबरच्या सुरुवातीचे चार राउंड, चार रात्री, चौघं जण, अशा सहलीसाठी माणशी ही मर्यादा ठेवा: तीन साधे राउंड प्रत्येकी ७५ आणि एक भारी १५०, म्हणजे गोल्फचे ३७५ डॉलर, दोन खोल्यांतला वाटा करासह २६०, मिनीव्हॅन १२०, पेट्रोल १५, खाणं २००. एकूण ९७०, विमानभाडं वेगळं. हा आकडा ओलांडला जात असेल तर आधी तारीख एका आठवड्याने सरकवून बघा, भारी राउंड त्यानंतर कापा.

तरीही जमत नसेल तर दोन पर्याय. टूसॉन फिनिक्सपासून १८० किलोमीटरवर, थोडं उंच आणि दोन-तीन अंशांनी थंड, शहराचे स्वतःचे पाच कोर्स. त्यातल्या रँडॉल्फ नॉर्थवर एलपीजीएच्या (महिला व्यावसायिकांच्या) स्पर्धा झाल्या आहेत. फक्त जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे रत्न-खनिजांचं प्रदर्शन असतं, तेव्हा खोली मिळत नाही. दुसरा पर्याय लास व्हेगासपासून सव्वा तासावरचं मेस्कीट. तिथली कॅसिनो हॉटेलं खोली आणि राउंड एकत्र विकतात. त्याला युटामधलं सेंट जॉर्ज जोडायचं असेल तर घड्याळ सांभाळा: दोन्ही गावं एकमेकांपासून ६०-६५ किलोमीटरवर असली तरी सेंट जॉर्ज एक तास पुढे आहे, आणि टी टाइम चुकला तर पैसे परत मिळत नाहीत.