प्रोफाइल लिहून घेतलं, आणि माझं ते 'थँक यू'

लिंक्डइनचं प्रोफाइल स्वतः लिहायचा मला कंटाळा होता, बाकी काही नाही. बारा वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली; स्वतःबद्दल चार चांगली वाक्यं लिहायची म्हटली की हात आखडतो. प्रोफाइल लिहून देणारी एक साइट बरी वाटली. अनुभवी लेखक, ६० दिवसांत इंटरव्ह्यूची हमी, हव्या तितक्या दुरुस्त्या. क्रेडिट कार्डाने पैसे भरून मोकळी झाले.

आठवड्याने वर्डची फाइल आली. मी कामात होते, न उघडताच 'थँक यू, मिळाली' असा मेल टाकला.

रात्री उघडली तर मी कुठल्याशा गोदामाची व्यवस्थापक! तिसऱ्या परिच्छेदात तर चक्क पुरुष. शिवाय 'खर्चात ४० टक्के बचत केली' असा एक आकडा, जो मी कधी कुणाला सांगितलेला नाही. आकडा आला कुठून हे विचारण्यावर माझं पोट चालतं, त्यामुळे इथे डोकंच फिरलं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं: तयार केल्याची तारीख मी पैसे भरण्याच्या अकरा महिने आधीची, आणि लेखक म्हणून भलत्याच कुणाचं तरी नाव. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल मला पुसून दिला होता, आणि पुसलाही नीट नव्हता.

दुरुस्त्यांचं सांगत नाही. एका फेरीला दहा कामाचे दिवस, आणि हाती काय, तर विशेषणं बदललेली. हमीचं मात्र वाचून ठेवा: ती सुरू होते आपण मसुदा 'मंजूर' केल्यावर, आणि इंटरव्ह्यू नाही आले तर पैसे परत नाहीत, तेच पुन्हा लिहून देणार! अटींच्या पानावर तळाशी होतं. मी वाचलं नव्हतं. मी, जी इतरांना अटी वाचायला लावते.

मग बँक. खरा जीव गेला तो इथे.

कार्डाचा व्यवहार वादात टाकता येतो, त्याला चार्जबॅक म्हणतात. फॉर्ममध्ये कारण निवडायचं होतं. रागाच्या भरात मी 'फसवणूक' निवडलं. नऊ दिवसांनी उत्तर: व्यवहार तुम्हीच केला आहे, ओटीपी तुम्हीच दिला आहे, तक्रार बंद. बँकेच्या भाषेत फसवणूक म्हणजे कार्ड दुसऱ्याने वापरणं. आपल्याला फसवलं, हा अर्थ तिथे चालत नाही. हे मला कस्टमर केअरच्या चौथ्या माणसाने सांगितलं. आधीचे तिघं 'तुमची अडचण समजू शकतो' म्हणून फोन पुढे ढकलत होते. बरोबर कारण होतं 'सेवा वर्णनाप्रमाणे नाही'.

पुन्हा अर्ज. तीन आठवडे काही नाही. मग दुकानदाराचं, म्हणजे त्या साइटवाल्यांचं, उत्तर आलं, आणि त्यात पुरावा म्हणून काय जोडलं असेल? माझं 'थँक यू, मिळाली'. ग्राहकाने काम स्वीकारलं, असं त्याखाली लिहिलेलं. तो स्क्रीनशॉट मी किती वेळा पाहिला असेन, देव जाणे.

बाजू मांडायला बँकेने दहा दिवस दिले. पहिला मसुदा दोन पानी, नुसता संताप. तो फाडला. लिखाण वाईट आहे हे बँकेला पटवता येत नाही, ते काही परीक्षक नाहीत. मोजता येईल तेवढंच ठेवलं: साइटला मी भरून दिलेला माहितीचा फॉर्म आणि त्यांचा मसुदा शेजारी शेजारी, पुरुषी सर्वनामाला लाल गोल, प्रॉपर्टीजचा स्क्रीनशॉट. आणि हुकमाचा पत्ता असा की लिंक्डइनचा 'अबाउट', म्हणजे स्वतःबद्दल लिहायचा रकाना, जास्तीत जास्त २,६०० अक्षरांचा असतो, यांचा मसुदा ३,१०० च्या वर होता. प्रोफाइल म्हणून विकलेला मजकूर प्रोफाइलमध्ये बसतच नव्हता! हेडलाइनलाही, म्हणजे नावाखालच्या ओळीलाही, २२० अक्षरांची मर्यादा आहे, तीही त्यांनी ओलांडली होती. 'मिळाली' म्हणजे 'पसंत पडली' नव्हे, हे एका ओळीत लिहिलं.

पैसे परत आले. सगळे. त्या दिवशी ऑफिसात मी उगाचच सगळ्यांशी गोड बोलत होते.

मुदतीचं राहिलंच. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारींना साधारण १२० दिवस मिळतात, पण बँक आपली मुदत कमी ठेवू शकते, तेव्हा आधी विचारा. दुरुस्त्यांच्या फेऱ्या लांबवतात त्या याचसाठी, असा माझा पक्का संशय आहे. थेट खात्यातून पैसे पाठवले असतील तर चार्जबॅकचा हा रस्ताच नाही. पैसे भरण्याआधी साइटवरच्या 'समाधानी ग्राहकां'चे फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. मी नंतर टाकले, त्यातली एक बाई दाताच्या जाहिरातीतही हसत होती.

आणि त्यांनी 'आम्हीच अपलोड करून देतो' म्हणत पासवर्ड मागितला होता. तेवढा मात्र मी दिला नव्हता.

प्रोफाइल शेवटी स्वतःच लिहिलं, एका रविवारी, दोन तासांत.